शीर्षकाची समर्पकता

मराठीच्या वर्गात कादंबरी नेमलेली असली, की परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो : 'शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा.' या प्रश्नात त्याचे उत्तर आधीच दडलेले असते. शीर्षक समर्पक आहे हे प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेले आहे. विद्यार्थ्याने त्याच्या बाजूने पुरावे तेवढे गोळा करायचे. समीक्षेचे शिक्षण देणाऱ्या विषयात असहमतीला जागाच न ठेवणारा प्रश्न वर्षानुवर्षे टिकून राहावा, याचे आम्हांस नवल वाटते. शिवाय याच वर्गांतून उद्याचे कादंबरीकारही घडत असतात. कादंबरीचे नाव म्हणजे आशयाची चिठ्ठी, ही समजूत ते इथूनच घेऊन जातात.

ही समजूत मराठी कादंबरीइतकीच जुनी आहे. बाबा पद्मनजींच्या १८५७ च्या कादंबरीचे पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असे होते. नायिका, प्रवास, विषय आणि हेतू असे सारे काही मुखपृष्ठावरच सांगून टाकलेले. त्या काळच्या वाचकाला कादंबरी हा प्रकारच अपरिचित होता. तेव्हा एवढे स्पष्टीकरण समजण्याजोगे आहे. पुढे १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू झाले आणि त्यातून हरि नारायण आपट्यांची कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिचीही नायिका यमुनाच, आणि तिच्याही वाट्याला वैधव्यच. नाव मात्र 'पण लक्षात कोण घेतो?'

या दोन नावांमधले अंतर केवळ तीन-साडेतीन दशकांचे नाही. पहिले नाव निवेदन करते, दुसरे प्रश्न विचारते. त्यातही दुसऱ्याचा आरंभ 'पण'ने होतो. म्हणजे कुणीतरी आधी बरेच बोलून गेले आहे आणि ते ऐकले गेलेले नाही. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तिच्या तोंडी सहज शोभेल असे हे वाक्य लेखकाने मुखपृष्ठावर नेऊन ठेवले. त्यात विधवा हा शब्द नाही, स्थिती नाही, निरूपणही नाही. तरीही 'कोण'चा रोख आपल्यावर आहे हे वाचकाला पुस्तक मिटताना कळून चुकते. अशा नावाची समर्पकता स्पष्ट करण्यात काय हशील? ते नाव काय करते, हे पाहायला हवे.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये रणांगण शोधू जावे तर मिळते युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली एक बोट, चक्रधर आणि हॅर्टा. युद्ध बोटीच्या मागे राहिले आहे आणि ते माणसांच्या आतही आहे, हे उमगेपर्यंत नाव अडून बसते. किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) चे अडणे आणखी वेगळे. पाढे घोकलेला मराठी कान 'बेचाळीस'ची वाट पाहत असतो आणि हिशेब एकाने चुकतो. इंग्रजी अनुवादात आकडे तेच राहिले, पण पाढ्याची ती लय तिथे कुठून यावी?

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' (१९६३) नंतर एकशब्दी, बोलीतल्या नावांना प्रतिष्ठा आली. तिथे कोश हा शब्द पांडुरंग सांगवीकराच्या जगण्यातून उमलतो. पुढे मात्र अनेकदा असे दिसते, की आधी दुर्मीळ शब्द हेरायचा आणि मग त्याच्या स्पष्टीकरणासाठी एखादे प्रकरण लिहायचे. हेही परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर आगाऊ तयार ठेवणेच झाले.

आम्ही वारज्यात राहतो, म्हणून उदाहरण इथलेच घेतो. मुठेकाठचे हे गाव शहराने आपल्यात सामावून घेतले, महामार्ग त्याला चिरत गेला, शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. यावर कुणी कादंबरी लिहिली, तर तिला 'हरवलेले गाव' म्हणण्याचा मोह होईल. ते नाव निर्विवाद समर्पक ठरेल, आणि वाचकासाठी शोधण्यासारखे काही शिल्लक ठेवणार नाही. तिचे नाव नुसते 'वारजे' ठेवले तर? नागपूरच्या वा बेळगावच्या वाचकाला त्यातून काहीच कळणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा 'बनगरवाडी' या नावातूनही वाचकाला काही कळत नव्हते. त्या रिकाम्या नावात मेंढपाळांची वाडी, तिचा तरुण मास्तर आणि दुष्काळ हे सारे कादंबरीने भरले. असे रिकामे नाव ठेवायला आपल्या पुढच्या पानांवर विश्वास असावा लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परीक्षेत असे विचारावे : कादंबरी वाचण्यापूर्वी या नावाचा तुम्ही काय अर्थ लावला होता, आणि वाचल्यानंतर त्याचे काय झाले? अर्थ तसूभरही हलला नसेल, तर विद्यार्थ्याने तसे निर्भयपणे लिहावे आणि त्याला पूर्ण गुण मिळावेत. नेमलेली कादंबरी कितीही थोर असली तरी.