जपानमध्ये त्वचेचा त्रास झाला, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात का जाऊ नये?

टोकियोचा हिवाळा कोरडा असतो. त्यात हीटर आणि कढत पाण्याची आंघोळ. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी गेलेल्या अनेकांची कातडी तडकते, खाज सुटते. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे माणूस नाव ऐकलेलं मोठं हॉस्पिटल गाठतो आणि खिशाला चाट बसते.

खर्चाचं गणित काय?

जपानमध्ये १९६१ पासून सर्वांसाठी आरोग्य विमा आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी रहिवाशांनाही तो बंधनकारक आहे. ७० वर्षांखालील प्रौढांना साधारणपणे बिलाच्या ३० टक्के रक्कम भरावी लागते. म्हणजे १०,००० येनच्या बिलात ३,००० येन.

मात्र दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी (शोकाइजो) न घेता विद्यापीठाच्या किंवा तत्सम मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा गेलात, तर किमान ७,००० येन वेगळे मोजावे लागतात. ऑक्टोबर २०२२ पूर्वी ही रक्कम किमान ५,००० येन होती. ती विम्यातून मिळत नाही.

मग जायचं कुठे?

घराजवळच्या 'हिफुका', म्हणजे त्वचारोग अशी पाटी असलेल्या दवाखान्यात. गरज वाटल्यास तिथले डॉक्टरच चिठ्ठी देतात. सोबत विमा जोडलेलं 'माय नंबर' कार्ड किंवा विम्याचं पात्रता प्रमाणपत्र ठेवा. जुनी विमा कार्डं देणं २ डिसेंबर २०२४ पासून बंद झालं आहे. औषधं बहुधा बाहेरच्या फार्मसीत मिळतात आणि प्रिस्क्रिप्शन दिल्याच्या दिवसासह चारच दिवस चालतं. 'शुक्रवारी दाखवलं, पुढच्या आठवड्यात औषध आणू' हे तिथे महागात पडतं.

डॉक्टरांना काय सांगायचं?

आधी प्रश्नावलीचा फॉर्म भरावा लागतो. खाजेला 'कायुई' म्हणतात. टोचल्यासारखं वाटलं तर 'चिकुचिकु', चुरचुरलं तर 'हिरीहिरी', कातडीवर काही वळवळल्यासारखं झालं तर 'मुझुमुझु'. चुणचुण, चुरचुर, वळवळ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शब्द इंग्रजीपेक्षा जवळचे वाटतील. त्रास कधी सुरू झाला, कशाची अॅलर्जी आहे, हे फोनवर आधीच लिहून ठेवा. पुरळ येतं-जातं असेल, तर फोटो काढा.

घरून नेलेल्या ट्यूबचं काय?

सर्वात मोठा धोका इथे आहे. भारतातल्या अनेक मलमांमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे गजकर्णाची खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूप बदलल्यामुळे निदान चुकू शकतं. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आधी मलम लावलेलं असेल, तर बुरशी सापडणं अवघड होतं. म्हणून ट्यूब लपवू नका, सोबत न्या.

चिठ्ठीचा नियम आम्हाला रास्त वाटतो. खाजेचे रुग्ण गल्लीतल्या दवाखान्यात थांबले, तरच त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयात वेळेत जागा मिळेल. पण परदेशी रहिवासी विम्याचा हप्ता जपानी माणसासारखाच भरतो. त्या हप्त्यात उपचार मिळतात, दुभाषा मिळेलच असं नाही. दुखणं समजलंच नाही, तर स्वस्त उपचाराचा उपयोग काय? परदेशी कामगार बोलावणाऱ्या देशाने ही सोयही विम्यासोबत द्यायला हवी.