मोटारींची शिरगणती आणि नाहूरची माणसे

मुंबईत वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाचा निवासी प्रकल्प उभारावयाचा असेल, तर विकासकाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या कागदपत्रांत, प्रकल्पामुळे आसपासच्या रस्त्यांवर किती भार पडेल, चौकांची काय अवस्था होईल आणि त्यावर उपाय काय, याचाही हिशेब द्यावयाचा असतो. कल्पना उत्तमच आहे. परंतु नाहूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आणि तेथून रोज लोकल पकडणाऱ्या माणसाने असा एखादा अहवाल हाती घेतला, तर त्यात त्याला मोटारी भेटतील, वाहनतळांचे मजले भेटतील. तो स्वतः मात्र क्वचितच भेटेल. ज्या आकड्यावर निर्णय ठरतो त्या आकड्यात माणूस नसतो. हा केवळ हिशेबाचा दोष नसून त्यात उघड वर्गीय पक्षपात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये वसलेले जुने गाव. पश्चिमेस जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग; पूर्वेस पूर्व द्रुतगती महामार्ग; दोहोंच्या मधून मध्य रेल्वे; आणि या सर्वांना जोडणारा गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. आग्रा रोडच्या दुतर्फा एके काळी औषधांचे, रंगांचे, टायरचे, अभियांत्रिकी मालाचे कारखाने होते. पाळी सुटली की कामगारांचे लोंढे पायी किंवा सायकलीवरून भांडुपच्या टेकडीवरील वस्त्यांकडे जात. गेल्या तीन-चार दशकांत त्यांतील बरेच कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा स्थलांतरित झाले, आणि त्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे चढू लागले. एप्रिल २००६ मध्ये नाहूर स्थानक सुरू झाले तेव्हा तर या जमिनींना सोन्याचे मोल आले. स्थानक सार्वजनिक पैशाने झाले. त्याने वाढलेली किंमत कोणाच्या खिशात गेली, हे सांगावयास नको.

आता हा वाहतुकीचा हिशेब कसा मांडतात ते पाहू. रस्त्यावरील सर्व वाहनांचे एका समान मापात रूपांतर करतात. ते माप म्हणजे मोटार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे मोटार म्हणजे १; बस म्हणजे २.२, आणि रहदारीत बस-ट्रकांचे प्रमाण वाढले की ३.७, रिक्षा १.२ ते २, सायकल ०.४ किंवा ०.५, आणि हातगाडी २ ते ३. वाहन रस्त्याची किती जागा अडवते एवढेच हे माप सांगते, आणि तेवढ्यापुरते ते चूक नाही. परंतु याच मापाने जेव्हा 'परिणाम' मोजला जातो, तेव्हा काय घडते? साठ माणसे नेणारी बस दोन-तीन मोटारींइतकी 'अडचण' ठरते. तीन प्रवाशांची रिक्षा एकट्या साहेबांच्या मोटारीपेक्षा जड भरते. हातगाडीवाला तर दुप्पट गुन्हेगार! पायी चालणाऱ्याला या कोष्टकात आकडाच नाही. म्हणजे शून्य.

या मापाने चार मार्गिकांच्या दुभाजकयुक्त मुख्य रस्त्याची क्षमता ताशी ३,६०० मोटारी धरली जाते. समजा, नाहूरमध्ये आठशे सदनिकांचा एक प्रकल्प येतो आहे. सकाळच्या गर्दीच्या तासात त्यातून तीनशे मोटारींइतकी वाहने बाहेर पडतील असा अंदाज काढला, तर क्षमतेच्या सुमारे आठ टक्के भार वाढतो. आठ टक्के म्हणजे सोसण्याजोगा, असा शेरा पडतो आणि कागद पुढे सरकतो. मग शेजारच्या जमिनीवर दुसरा प्रकल्प येतो. त्याचेही आठच टक्के. पलीकडे तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाचा अहवाल वेगळा, प्रत्येकाचा सल्लागार वेगळा, आणि प्रत्येकजण आपल्यापुरता निर्दोष. पाच निर्दोषांची बेरीज चाळीस टक्के होते, ती करण्याची जबाबदारी मात्र कोणावरच येऊन पडत नाही. त्यात नाहूर पडते महापालिकेच्या एस आणि टी या दोन विभागांच्या सीमेवर. म्हणजे एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवावयाची सोयही आहेच.

याच आठशे कुटुंबांत तीन हजारांच्या आसपास माणसे राहावयास येतील. त्यांतील किती जण सकाळी स्थानकाकडे जातील? त्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, पहारा आणि वाहनांची सफाई करण्यासाठी किती जण रोज येतील आणि ते कशाने येतील? नाहूरला धिम्या गाड्या थांबतात, आणि ठाण्याकडून येणारी गाडी सकाळी येथे पोहोचते ती भरूनच. स्थानकाचा जिना किती रुंद आहे, पादचारी पूल एका तासात किती माणसे पेलेल, पदपथ मुळात चालण्याजोगा आहे काय, हे प्रश्न विकासकाच्या हद्दीबाहेरचे म्हणून सोडून दिले जातात. मोटार त्याच्या फाटकाबाहेर पडली की तिचा माग पुढच्या चौकापर्यंत काढतात. माणूस फाटकाबाहेर पडला की तो रेल्वेचा, पालिकेचा किंवा देवाचा.

हे हिशेब कोठे जाऊन थांबतात ते मुंबईने पाहिलेले आहे. गिरणगावच्या जमिनींचे १९९१ च्या नियमावलीत तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ गिरणीतील मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि शहराचा वाटा आक्रसून गेला. तेथे कचेऱ्या आणि मनोरे उभे राहिले, वाहनतळ नियमाप्रमाणे झाले. रोज त्या कचेऱ्यांत येणारी लाखभर माणसे कोणत्या पुलावरून उतरणार, हे मात्र कोणाच्याच नकाशात नव्हते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस माणसे मेली. त्यांपैकी कोणाचेही मोटारमूल्य कोणत्याही कोष्टकात नव्हते.

मूळ नियमावलीच अशी आहे की तिने मोटारीला आमंत्रण द्यावे. सदनिका जितकी मोठी तितके वाहनतळ अधिक. छोट्या चार घरांमिळून एक, तर मोठ्या एकाच घराला दोन. बांधकामाचे प्रमाण, म्हणजे चटईक्षेत्र, जमिनीसमोरील रस्त्याच्या रुंदीवर ठरते. जोडरस्ता रुंद झाला की त्याच्या काठावरील चटईक्षेत्राचा हक्क वाढतो, आणि वाढलेल्या वस्तीने तो रस्ता पुन्हा भरतो. सुमारे बारा किलोमीटर लांबीचा हा रस्ता राष्ट्रीय उद्यानाखालून जुळे बोगदे काढून गोरेगावला जोडण्याचे काम चालू केले गेले ते उपनगरांची कोंडी फोडण्यासाठी म्हणून. त्या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. हजारो कोटी रुपये जनतेचे, रुंदी जनतेच्या पैशाची, आणि त्या रुंदीतून निघणारे अतिरिक्त मजले विकावयाचे खाजगी! दुसरीकडे, २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक असलेला बेस्टचा ताफा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली घसरला. वस्ती वाढत असताना बसगाड्या घटल्या, आणि तरीही अहवालांत 'सार्वजनिक वाहतूक उपलब्ध' हे वाक्य निर्लज्जपणे छापले जाते.

येथे एका अप्रिय गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस भाग आहे. याच परिसरात 'वाहतुकीवर ताण येईल' हा युक्तिवाद सर्वांत मोठ्या आवाजात ऐकू आला तो कधी? २०२३ साली मुलुंड पूर्वेस प्रकल्पग्रस्तांसाठी सात हजार चारशेंहून अधिक छोट्या सदनिका बांधण्याची योजना पुढे आली तेव्हा. आणि पुन्हा, सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा. या दोन्ही योजनांना विरोध करण्यास सबळ कारणे आहेत. मिठागरे ही पावसाचे व भरतीचे पाणी सामावणारी सखल भूमी आहे, तेथे माणसे कोंबणे हा माणसांवरच अन्याय आहे. आणि धारावीकरांना त्यांच्या रोजगारापासून पंधरा-वीस किलोमीटर दूर फेकणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हद्दपारी आहे. परंतु सभांमधून आणि फलकांमधून या कारणांच्या जोडीने जे बोलले गेले ते वेगळे होते. 'आमचे रस्ते', 'आमची शांतता', 'येथे ही माणसे नकोत' असा त्याचा सूर होता.

ज्यांच्याकडे मोटार नाही, ज्यांचे घर तीनशे चौरस फुटांचे आहे, जे चालत किंवा बसने जातील, त्यांच्या येण्याने रस्ता तुंबतो. आणि दोन-दोन मोटारींच्या कुटुंबांचे मनोरे उठले तर परिसर 'विकसित' होतो, हे तर्कट कोणत्या गणितात बसते? मापाच्या भाषेतच बोलावयाचे, तर रस्त्याचा प्रतिमाणशी सर्वांत कमी वापर गरीब करतो. वाहतूक हे येथे कारण नव्हते. ते पांघरूण होते. मुलुंड-नाहूरच्या मध्यमवर्गाने, ज्यात आमचे अनेक वाचक आहेत, हे मनाशी तपासून पाहावे. जो प्रश्न त्यांनी प्रकल्पग्रस्तांच्या घरांना विचारला तोच लालबहादूर शास्त्री मार्गावरील प्रत्येक मनोऱ्याला विचारला असता, तर आज त्यांच्या विरोधाला नैतिक बळ आले असते.

पण विचारावयाचा तरी कोठे? १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने खाणी, धरणे, कारखाने यांच्यासाठी जनसुनावणीची तरतूद केली आणि त्याच अधिसूचनेत इमारती, बांधकाम प्रकल्प व नागरी वसाहती यांना त्या सुनावणीतून सरसकट वगळले. गडचिरोलीच्या आदिवासीला खाणीविरुद्ध निदान एकदा उभे राहून बोलता येते. नाहूरच्या रहिवाशाला शेजारच्या चाळीस मजल्यांबद्दल तेवढीही संधी नाही. अहवाल तयार करणारा सल्लागार विकासक नेमतो, विकासकच त्याचे शुल्क देतो, अहवाल इंग्रजीत असतो आणि तो तपासणारी समिती राज्यपातळीवर बसते. मंजुरीपत्रात 'वाहनतळ संपूर्णपणे आवारातच असावेत, सार्वजनिक जागा वापरू नये' अशी छापील अट असते. संध्याकाळी त्या आवाराबाहेरच्या रस्त्यावरून चालणाऱ्याने ती वाचून करमणूक करून घ्यावी. त्यात मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहराला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. याच काळात किती मंजुऱ्या निघाल्या याची यादी नव्या सभागृहाने प्रशासनाकडे मागितली पाहिजे.

ही मोजणी बदलता येत नाही असे कोणी सांगू लागल्यास त्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण दाखवावे. मोटारीचे माहेरघरच ते! तेथे २०१३ साली कायदा करून, चौकात मोटारीला किती वेळ थांबावे लागते हा पर्यावरणीय परिणाम मानण्याचे सोडून देण्यात आले. प्रकल्पामुळे लोकांना एकूण किती मैल मोटार चालवावी लागेल, हा निकष त्याजागी आला, आणि २०२० च्या जुलैपासून तो राज्यभर लागू झाला. स्थानकाजवळची, छोटी, बिनमोटारीची घरे त्या निकषावर उत्तीर्ण होतात; मोटारीवर जगणारी वसाहत अनुत्तीर्ण होते. भांडवलशाहीच्या त्या गडाला जे सुचले ते समाजवादाचा शब्द घटनेत मिरवणाऱ्या देशाला सुचू नये?

आम्ही घरांच्या विरोधात नाही. याच जोडरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, दिंडोशीत, मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीसाठी दीर्घ लढा दिला आणि सामान्य माणसांची सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. नाहूरलाही घरे हवीतच. जेथे रेल्वे आहे तेथेच ती व्हावयास हवीत. फक्त ती कोणाची असतील आणि त्यांचा भार कोण वाहील, हे ठरविण्याचा अधिकार विकासकाच्या सल्लागाराकडे असता कामा नये. अभ्यासाचा खर्च विकासकाने पालिकेकडे भरावा आणि अभ्यास पालिकेने स्वतः नेमलेल्या, शक्यतो एखाद्या सार्वजनिक अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करवून घ्यावा. तो एका भूखंडाचा नसावा, स्थानकाभोवतालच्या साऱ्या मंजूर व प्रस्तावित प्रकल्पांचा एकत्र असावा. तो मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि दोन्ही विभागांनी मिळून, संध्याकाळच्या वेळी, नोकरदार माणसाला येता येईल अशी सुनावणी घ्यावी.

आणि याला दात हवेत. ते कसे असावेत हे आमच्या नियमावलीतच आहे. बंद कारखान्याची जमीन निवासी करताना कामगारांची सर्व देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला मागण्याची अट मुंबईच्या नियमांत आली. दाखला नाही तर भोगवटा प्रमाणपत्र नाही. ही अट कोणा नगररचनाकाराची कृपा नव्हती, ती कामगार चळवळीने मिळविलेली होती. तिच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, तरी तत्त्व मान्य झाले: जमिनीवर आधी ज्यांचा घाम गळला त्यांचे देणे आधी. त्याच न्यायाने, स्थानकाचा जिना, पादचारी पूल, पदपथ आणि वाढीव बसफेऱ्या प्रत्यक्षात आल्याखेरीज एकाही नव्या मनोऱ्याला भोगवटा मिळू नये. लालबहादूर शास्त्री मार्गावर पुढील कारखान्याची जमीन निवासी करण्याचा अर्ज येईल, त्याआधी ही मागणी लेखी स्वरूपात भांडुप आणि मुलुंड येथील दोन्ही विभाग कार्यालयांत, शक्य तितक्या सह्यांनिशी, दाखल झालेली असली पाहिजे.