कपाटात गेलेले यंत्र



गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मराठवाड्यातील एका भगिनींचे आहे. त्यांचे यजमान भुसार मालाचे व्यापारी आहेत. वय पंचावन्नच्या पुढे, घोरणे इतके की शेजारच्या खोलीतील नातवंडे जागी होतात. मधूनच श्वास थांबतो आणि ते दचकून उठून बसतात. झोपेची तपासणी झाली, स्लीप ॲप्नियाचे निदान झाले, सीपॅप यंत्र घरी आले आणि अकराव्या दिवशी कपाटात गेले. मास्कने जीव गुदमरतो, नाकाच्या हाडावर व्रण पडतो, तोंडाला कोरड पडते, म्हणून यजमानांनी ते पुन्हा लावायचे नाही असे ठरवले आहे. तेव्हा यंत्र विकून टाकावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे की, यजमान आठवड्यातून दोनदा पहाटे स्वतः गाडी चालवत बाजार समितीत जातात आणि मध्यंतरी एकदा डोळा लागून गाडी रस्त्याखाली उतरली होती. माझ्या दृष्टीने पत्राचा खरा विषय त्या वाक्यात आहे.

यंत्र विकू नये. मास्क बदलावा. एवढेच उत्तर पोस्टकार्डावर मावले असते. परंतु असे कपाटात गेलेले यंत्र आपल्या अनेक घरांत असल्याचे मला ठाऊक आहे, म्हणून हा विषय स्तंभात घेतला.

या विकारात झोप लागली की घशाचे स्नायू शिथिल होतात, जीभ व मऊ टाळू मागे सरकून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू घाबरून झोपणाऱ्यास अर्धवट जागे करतो. तासाला असे पाच ते पंधरा अडथळे आले तर विकार सौम्य, तीसच्या वर गेले तर तीव्र मानला जातो. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. अशा माणसाने आठ तास अंथरुणात घालवले तरी सकाळी तो गादीवर पेंगतो, औषधे घेऊनही त्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि घरचे म्हणतात, हल्ली चिडचिड फार वाढली. यंत्र करते ते एवढेच, की हवेच्या सौम्य दाबाने तो मार्ग उघडा ठेवते. दाब यंत्र देते, पण तो घशापर्यंत पोहोचवण्याचे काम मास्कचे. मास्कच्या कडेने हवा निसटू लागली तर कितीही महागडे यंत्र निरुपयोगी.

हा उपचार शोधणारे ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनाही सर्वांत अधिक मास्कनेच छळले. पाच रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या सुरुवातीच्या वर्षांत रुग्णाच्या नाकाचा प्लॅस्टरचा साचा काढून त्यावरून मास्क घडवावा लागे आणि तो दररोज रात्री सिलिकोनच्या चिकट लेपाने चेहऱ्यावर चिकटवावा लागे. आज दुकानात तीन-चार घाटांचे मास्क तयार मिळतात. तरीही लोक यंत्र पुरेसे वापरत नाहीत. हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे २७०० रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या, आणि ज्यात भारतही होता, अशा एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यात यंत्राचा सरासरी वापर रात्री केवळ ३.३ तास होता. त्या गटात पुढील हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा धोका घटलेला दिसला नाही. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. रात्रीचा अर्धाअधिक काळ मास्क उशाशी पडला असेल तर पूर्ण लाभाची अपेक्षा कशी करावी? पेढी दिवसातून तीन तास उघडून वर्षाचा नफा मोजण्यासारखे ते आहे.

मास्कचे मुख्य प्रकार तीन. एक फक्त नाक झाकणारा. दुसरा नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ गाद्यांचा, ज्याला ‘नेझल पिलो’ म्हणतात. तिसरा नाक व तोंड दोन्ही झाकणारा. आपल्याकडे विक्रेता पुष्कळदा तिसराच हाती देतो, कारण तोंड उघडे पडण्याची तक्रार त्यात येत नाही आणि त्याची फेरी वाचते. पण त्याची कड लांब, म्हणून हवा निसटण्याच्या जागा जास्त. गुदमरल्याची भावनाही त्यातच अधिक. अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सामान्यतः नाकाच्या मास्कनेच आरंभ करावा असे सुचवले आहे. नाक सतत चोंदत असेल, नाकाचा पडदा वाकडा असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवून नाक मोकळे करून घ्यावे, ही सरळ वाट आहे.

या भगिनींच्या यजमानांचा मास्क कोणता ते पत्रात नाही. नाकाच्या हाडावरील व्रणावरून तो नाकाच्या मुळापर्यंत चढणारा असावा. व्रण पडला की माणूस पट्टा सैल करतो, मग हवा डोळ्यांत जाते, मग पुन्हा आवळतो. वास्तविक मास्कची कड दुहेरी पातळ पडद्याची असते आणि आतील हवेने ती फुगून चेहऱ्याला लागते. पट्टा आवळला की पडदा चिरडला जातो, घडी पडते आणि गळती उलट वाढते. पट्ट्याखाली बोट सहज सरकले पाहिजे. तेवढ्याने हवा थांबत नसेल तर आकार चुकला आहे किंवा घाट चुकला आहे. आवळण्याने ते दुरुस्त होणार नाही. अशा व्यक्तीने नाकपुड्यांचा प्रकार अवश्य पाहावा. त्यात नाकाच्या हाडाला काही लागतच नाही, चष्मा लावून चार पाने वाचता येतात आणि भरघोस मिश्या असणाऱ्यांनाही तो पुष्कळदा बरा पडतो.

चेहऱ्याचा विचार निघालाच आहे तर घराघरांतील काही बारीक गोष्टी सांगतो, कारण परदेशी माहितीपत्रकांत त्या सापडत नाहीत. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांनी मास्कची पारख कवळी काढूनच करावी. कवळीसह गाल वेगळे, कवळीविना वेगळे. भगिनींमध्ये रजोनिवृत्तीनंतर हा विकार वाढतो. चमकी किंवा फुली घालणाऱ्यांना नाकपुड्यांच्या गाद्या टोचतात. रात्रीपुरती चमकी काढावी किंवा नाक झाकणारा मास्क घ्यावा. अंबाडा बांधून निजल्यास मागचा पट्टा वर सरकतो. केसांचे तेल पट्ट्याची ताण घालवते आणि चेहऱ्यावरील तेल वा मलई सिलिकोनची पकड घालवते, म्हणून निजण्यापूर्वी चेहरा धुवावा. वर्षीतप किंवा लागोपाठच्या उपवासांमुळे वजन उतरले असेल तर पूर्वी नीट बसणारा मास्क सैल होतो. पारण्यानंतर डॉक्टरांकडून मास्क आणि दाब दोन्ही पुन्हा पाहून घ्यावेत.

आता तोंडाच्या कोरडेपणाबद्दल. चौविहाराचा नियम पाळणाऱ्यांना ही अडचण इतरांहून अधिक जाचते. रात्री दोनला घसा सुकून जाग येते, पाणी घेता येत नाही, आणि मग यंत्रच नको वाटते. नाकाचा मास्क लावून तोंड उघडे राहिले की हवा नाकातून शिरून तोंडावाटे वाहत राहते आणि सारे मुख वाळवते. यावर पहिला उपाय नाक मोकळे ठेवणे, दुसरा यंत्राला जोडलेल्या पाण्याच्या पात्राचा, म्हणजे ह्युमिडिफायरचा, वापर करणे. तरीही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क. पात्रातील बाष्पाने चौविहार भंगतो का, असे एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारले होते. मला तसे वाटत नाही. परंतु हा निर्णय माझ्या अधिकारातला नव्हे. गुरुमहाराजांना विचारावे. पच्चक्खाणात समाधीसाठीचा आगार सांगितलेलाच आहे. पौषधाच्या रात्रीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे विजेचाच प्रश्न येतो. तोही आधी डॉक्टरांना आणि मग महाराजसाहेबांना विचारूनच सोडवावा. तीव्र विकार असणाऱ्याने परस्पर यंत्र बंद ठेवू नये.

पात्रात पाणी कोणते घालावे याविषयी आपल्या घरांत हमखास गैरसमज असतो. आपण पाणी उकळून, गाळून वापरतो, म्हणून तेच पात्रातही चालेल असे वाटते. उकळण्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; ते पात्राच्या तळाशी पांढरे साचतात. औषधांच्या दुकानातील डिस्टिल्ड पाणी घ्यावे. मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे पाणी मुळीच घेऊ नये, ते श्वासासाठी तयार केलेले नसते. सकाळी उरलेले पाणी ओतून पात्र कोरडे करावे. साठल्या पाण्यात जीवोत्पत्ती होते हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. मास्कची गादी रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी.

मास्कच्या पुढील बाजूस बारीक छिद्रे असतात, त्यातून हवा फुसफुसत राहते. ती गळती नव्हे. आपण सोडलेला दूषित वायू बाहेर जाण्याची ती वाट आहे. आवाज येतो म्हणून एका घरी त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आणि तत्काळ काढायला लावली. वीज गेली तर काय, ही भीतीही पुष्कळांना असते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये हवा थांबताच बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडते. ती झडप जागेवर आहे का, हे धुताना पाहत जावे. आणखी एक. काही मास्कचे पट्टे चुंबकाने जोडले जातात. शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्यांनी, तसेच ज्यांच्या शेजारी अशी व्यक्ती निजते त्यांनी, चुंबकाचे मास्क घेऊ नयेत. २०२२ पासून उत्पादकांनी याबाबत स्पष्ट इशारे दिले आहेत. तरी विक्रेता आपणहून सांगेल यावर विसंबू नये.

खरेदीच्या बाबतीत मात्र मला आश्चर्य वाटते. हातात धान्याची मूठ घेऊन, दाताखाली दाणा फोडून, मगच भाव बोलणारी आपली माणसे मास्क घेताना डबा न उघडता पैसे मोजतात. यंत्रासोबत जो येईल तो. विक्रेत्यास स्पष्ट सांगावे: आडवे होऊन, आपल्या नेहमीच्या कुशीवर, डॉक्टरांनी ठरवलेला दाब सुरू ठेवून निदान वीस मिनिटे मास्क लावून पाहीन. खुर्चीत बसून, यंत्र बंद असताना केलेली पारख व्यर्थ आहे. आडवे झाल्यावर गाल व जबडा निराळे बसतात. गादीचे लहान, मध्यम, मोठे हे तिन्ही आकार त्याच बैठकीत पाहावेत. एकदा वापरलेला मास्क आरोग्याच्या कारणाने परत घेतला जात नाही, म्हणून आकार न जुळल्यास किती दिवसांत बदलून मिळेल हे आधी ठरवून बिलावर लिहून घ्यावे. मास्कची किंमत यंत्राच्या रकमेत मिसळू न देता प्रकार आणि आकारासह वेगळी लिहवून घ्यावी. गादी हा झिजणारा जिन्नस आहे. पट्टा दर महिन्यास थोडा अधिक ओढावा लागू लागला की गादी संपली असे समजावे. काका वारले म्हणून त्यांचे यंत्र पुतण्याने लावायचे, हा प्रकारही थांबला पाहिजे. यंत्राचा दाब त्या रुग्णासाठी ठरवलेला असतो, आणि मास्क तर दुसऱ्याचा घेऊच नये.

नवा मास्क आल्यावर पहिल्याच रात्री आठ तासांचा आग्रह धरू नये. दिवसा, जागेपणी, एका सामायिकाइतका वेळ, म्हणजे ४८ मिनिटे, तो लावून वर्तमानपत्र वाचावे किंवा स्वाध्याय करावा. आरंभी हवा न सोडता, दोन-तीन दिवसांनी हवेसह. यंत्रात दाब हळूहळू चढवण्याची सोय असते, ती सुरू करून घ्यावी. यंत्र रोजच्या वापराचे तास आणि गळती नोंदवून ठेवते. ती नोंद दर आठवड्यास घरातील कोणीतरी पाहावी. हे काम सुनेने वा मुलाने केले तर फारच उत्तम, कारण आपल्या खातेवहीत ज्याची नोंद दुसरा कोणी तपासतो ते काम सहसा चुकत नाही.

राहता राहिला संकोच. एकत्र कुटुंबात नातवंडांसमोर, पाहुण्यांच्या घरी, यात्रेच्या धर्मशाळेत हे ‘सोंडेसारखे’ लावून निजायचे कसे, असे एक उद्योजक मला म्हणाले. स्थानकवासी साधु-साध्वींच्या मुखावर अहोरात्र मुहपत्ती असते आणि आपण तिला वंदन करतो. तिचे प्रयोजन अर्थातच सर्वस्वी वेगळे आहे, परंतु मुखावर काही बांधलेले दिसले तर हसावे, हा संस्कार आपल्या घरातला नाही. धर्मशाळेत खोली घेताना पलंगाजवळ विजेचे बटण आहे का विचारावे, एक लांब वायर बरोबर न्यावी. शिखरजीच्या वंदनेला पहाटे निघायचे असेल तर आदल्या रात्रीची पूर्ण झोप हीच चढणीची तयारी आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तेथे यंत्र व मास्क दोन्ही घेऊन यजमानांसह जावे आणि आडवे होऊन तीन निरनिराळे मास्क लावून पाहण्याची वेळ मागून घ्यावी. आणि नव्या मास्कवर सलग काही आठवडे नीट झोप होऊन डॉक्टर होकार देईपर्यंत पहाटेच्या गाडीला चालक ठेवावा.