घाशीराम मेला, नाना सुटले

‘घाशीराम कोतवाल’वरचा एक जुना आक्षेप अजून तग धरून आहे. बारभाईंचा कारभार सांभाळणाऱ्या मुत्सद्दी नाना फडणविसांना विजय तेंडुलकरांनी रंगेल म्हातारा करून टाकले. इतिहासच खोटा, तर त्यातून निघणारा संदेश खरा कसा? १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून हा वाद चालू आहे.

नानांचे चरित्र म्हणून हे नाटक अपुरे आहे, हे मान्य. पण चरित्राचा दावा केला कोणी? हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे खुद्द तेंडुलकरांनीच बजावले होते. शिवाय खऱ्या गावावर कल्पित कथा बेतणे ही आपली जुनीच रीत. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचे लग्न लावले ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आमच्या वाशीमात. त्या लग्नाची नोंद वाशीमच्या दप्तरात शोधायला कोणी जात नाही.

‘त्या लग्नाने कोणाची अब्रू गेली नाही, इथे जाते,’ असे यावर आक्षेपक म्हणतील. ठीक, मग काल्पनिक नगर आणि काल्पनिक कारभारी घेऊन पाहा. नाटकाचा कणाच मोडतो. १७९१मध्ये लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले, हे प्रेक्षक घरूनच जाणून येतो. घाशीरामाला मात्र त्याचा पत्ता नसतो. पोटची मुलगी गौरी नानांच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो, पुण्याला धडा शिकवायला निघतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक आरोळीत आपल्याला त्याचा शेवट ऐकू येतो. ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न उरतच नाही. ‘हे चालले आहे कोणाच्या जिवावर’ एवढाच उरतो.

मंचावरची ब्राह्मणांची भिंत बघा. तीच माणसे कीर्तनात रंगतात, तीच कलावंतिणींच्या बावनखणीकडे वळतात, नको ते घडू लागले की पाठ फिरवून त्याचाच आडोसा होतात. घाशीरामाने कोठडीत कोंडलेले लोक गुदमरून मेल्यावर त्याचा जीव मागायलाही तीच पुढे. नाना हुकुमावर सही करतात आणि वर उत्सव जाहीर करतात. न्याय झाला म्हणून गर्दी नाचते. झाला नाही, हे प्रेक्षकालाच तेवढे दिसते. नाटकाचा सामाजिक संदेश या तफावतीत आहे. त्यासाठी तेंडुलकरांना कोणाच्या तोंडी भाषण घालावे लागले नाही.

नानांच्या अब्रूची काळजी वाहणाऱ्यांनी एवढेच सांगावे: एक कोतवाल गेला की आपण समाधानाने घरी जातो, ते नेमके कोणत्या नानांच्या पथ्यावर पडते?