हौदांतला मासा आजारी पडला तर

सोयगांवाहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या मागील अंगणांत चार फूट लांब, तीन फूट रुंद व दोन फूट खोल असा सिमेंटचा हौद असून त्यांत डासांच्या बंदोबस्तासाठीं सोडलेले गप्पी मासे व मुलांच्या हौसेखातर आणलेले पांच सोनेरी मासे आहेत. सोनेरी माशांपैकीं सर्वांत मोठा मासा आठ दिवसांपासून खात नाहीं, वर येऊन सारखी तोंडाची उघडमीट करितो, आणि त्याच्या पाठीवर कापसासारखें कांहीं दिसूं लागलें आहे. धाकट्या चिरंजीवांनीं त्यापायीं जेवण टाकलें आहे. सासूबाई म्हणतात, त्याला वेताळवाडीच्या धरणांत सोडून द्या, पुण्यहि लागेल. दिरांचें म्हणणें, घरांत उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून पाण्यांत घाला. काय करावें?

दोन्ही सल्ले मनापासूनचे आहेत, आणि दोन्ही टाळण्यासारखे आहेत. परंतु त्यांकडे वळण्यापूर्वीं पत्रांतील एका वाक्याकडे लक्ष वेधतों. भगिनी लिहितात कीं, स्वच्छतेंत आमच्याकडून कसूर होत नाहीं. दर रविवारीं हौद पूर्ण उपसून, घांसून, नळाचें ताजें पाणी भरतों. आमच्या मतें दुखण्याचें मूळ या वाक्यांतच आहे.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत त्याचा मलहि पडतो, आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर येत असतो. हा अमोनिया विषारी आहे. हौदाच्या भिंतींवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यांतील सूक्ष्म जीवाणू त्याचें प्रथम नायट्राइट व पुढें त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. हा थर नीट जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तो दर रविवारीं घांसून काढणें म्हणजे घराची मोरी दर आठवड्यास आपल्या हातानें बुजविण्यासारखें आहे! शिवाय नळाच्या पाण्यांत ग्रामपंचायत टीसीएल भुकटी घालते. माणसांस ती हितकारक, पण तींतील क्लोरिन माशांचे कल्ले पोळवितो. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत पुरा एक दिवस उघडें ठेवून मगच हौदांत घालावें, आणि एका वेळीं चतुर्थांशाहून अधिक पाणी बदलूं नये. तळचा गाळ नळीनें ओढून काढावा. भिंतींना हात लावूं नये.

दुसरी गोष्ट उष्णतेची. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं वैशाखांत ऊन काय असतें, हें सोयगांवकरांस आम्ही सांगावयास नको. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, तीस अंशांस साडेसातच. त्यांत शेवाळ व वनस्पति रात्रभर प्राणवायु घेतच असतात. म्हणून तो पहांटे सर्वांत कमी होतो. पहांटे सगळेच मासे वर येऊन तोंड वासत असतील तर तो रोग नव्हे, घुसमट होय. अशा वेळीं औषध शोधूं नये. तांब्यानें हौदांतलेंच पाणी उचलून उंचावरून पुन्हा हौदांत ओतीत राहावें, व दुपारीं वर तट्ट्या बांधावा. जिल्ह्याच्या ठिकाणीं छत्रपती संभाजीनगरास पाणचक्कीच्या हौदांतील मोठे मासे पुष्कळांनीं पाहिले असतील. अठराव्या शतकांतील त्या रचनेंत पाणी उंचावरून पडत असतें. तांब्याची धार तेंच काम लहान प्रमाणावर करिते.

तिसरी गोष्ट अन्नाची. माशांना भात, पोळीचे तुकडे, पिठाच्या गोळ्या घालणें हें आमच्या घरांतून पुण्यकृत्य समजलें जातें. पण न खाल्लेला घास तळाशीं कुजतो व कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खातो. मुंबईच्या बाणगंगा तलावांत पितृपक्षानंतर मासे मरून वर आल्याचे प्रकार एकाहून अधिक वर्षीं घडले आहेत, आणि त्याचें कारण पाण्यांत पडलेलें अन्न हेंच मानलें गेलें. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लासा’च्या मत्स्यविनोद प्रकरणांत कोणत्या जातीच्या माशास कोणतें खाद्य द्यावें याचा विचार केला आहे. राजाचा हेतु गळ टाकण्याचा होता हें खरें. पण सर्व माशांना एकच घास चालत नाहीं, एवढें त्यास ठाऊक होतें! दोनतीन मिनिटांत संपेल तेवढेंच अन्न घालावें, आणि आजारी माशास चार दिवस कांहींच न दिलें तरी चालतें.

आतां औषध. कापसासारखें दिसतें ती बुरशी होय. ती बहुधा आधींच दुखावलेल्या अंगावर धरते, म्हणून वरील सुधारणा न करतां नुसतें औषध दिल्यास ती पुन्हां येईल. पहिलें औषध स्वयंपाकघरांतच आहे, तें म्हणजे खडेमीठ. भगिनींचा हौद चोवीस घनफुटांचा आहे. एका घनफुटांत सुमारें अठ्ठावीस लिटर, म्हणजे कांठोकांठ भरल्यास एकूण पावणेसातशें लिटर पाणी झालें. लिटरला तीन ग्रॅम या हिशेबानें दोन किलो मीठ लागेल. तें वेगळ्या भांड्यांत विरघळवून, तीन भाग करून, दोन दिवसांत थोडें थोडें घालावें. गप्पी माशांना यानें अपाय नाहीं. कमळ किंवा इतर वनस्पति असतील तर त्या आधीं काढाव्या, आणि हें पाणी पुढें तुळशीस घालूं नये. आठ-दहा दिवसांनीं पाणी बदलत गेलें कीं मीठ आपोआप उतरतें.

बुरशी फार असेल तर त्या एका माशास दहा लिटर पाण्यांत दोनशें ग्रॅम मीठ घालून पांच मिनिटें, फार तर दहा मिनिटें ठेवावें. पाणी हौदाइतक्याच उष्णतेचें असावें. मासा कलंडूं लागतांच बाहेर काढावा. घड्याळाकडे नव्हे, माशाकडे पाहावें.

पुष्कळ घरीं पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे असतात. तेहि उपयोगी आहेत, पण हजार लिटरला दोन ग्रॅमहून अधिक घातल्यास कल्ले जळतात. ‘पाणी गुलाबी होईपर्यंत’ हें माप नव्हे. सोनाराच्या कांट्यावर तोलून आणावें, नाहींतर वापरूंच नये.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो निराळा, परोपजीवी जंतूंचा रोग. ठिपक्यांत दडलेल्या जंतूंस औषध लागत नाहीं. ते सुटून पाण्यांत पोहूं लागले कींच मरतात, म्हणून ठिपके गेल्यावरहि आठवडाभर मीठ चालूं ठेवावें. माशाच्या उवा मात्र डोळ्यांनीं दिसतात, त्या चिमट्यानें काढतां येतात.

दिरांच्या गोळ्यांविषयीं एवढेंच कीं बुरशीवर त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. उलट थराचे उपकारक जीवाणू मरतील, आणि उपसलेलें पाणी जेथें जाईल तेथील जंतु त्या औषधास सरावतील.

सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल आदरपूर्वक सांगावेंसें वाटतें कीं, आजारी मासा धरणांत सोडण्यांत त्या माशाचें हित नाहींच, आणि तेथील हजारों माशांना धोका आहे. माशांचा व्रणरोग १९८८ सालीं ईशान्य भारतांत शिरला व थोड्याच वर्षांत देशांतील तळ्यांनद्यांतून पसरला. त्या रोगानें मच्छीमारांची कमाई बुडाली. पुढें भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्थेनें ‘सिफॅक्स’ नांवाचें औषध काढलें, पण तें बंदिस्त तळ्यांत घालावयाचें. धरणास कोण औषध घालणार? निरोगी हौसेचा मासाहि सोडूं नये. उजनीच्या पाण्यांत माजलेला सकर मासा मूळचा काचेच्या पेटीतलाच. धरणावर ज्यांचें पोट आहे त्यांच्या जाळ्यांत आमचें पुण्य येऊन अडकतें.

पंधरवड्यांत सुधारणा न झाली, खवले उभे राहून पोट फुगलें, तर मासा वांचण्याची आशा फार थोडी. तो दिवसेंदिवस तडफडत असेल तर, ज्यांच्या मनास पटेल त्यांनीं, लिटरभर हौदाच्या पाण्यांत लवंगेच्या तेलाचे दहा-बारा थेंब घुसळून त्यांत मासा ठेवावा. प्रथम त्यास गुंगी येते व मग श्वास थांबतो. त्यानंतरहि अर्धा तास त्यास बाहेर काढूं नये. ज्यांना हें पटत नाहीं त्यांनीं निराळ्या टोपांत, सावलींत, निवांत ठेवावा. मेलेला मासा परसांत खोल पुरावा, आणि चिरंजीवांस खरें काय तें सांगावें.