सातबाऱ्याचा सन्मान

सरकारी भाषेतले शब्द मोठे गोड असतात. 'मदत' म्हटले की घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून 24 फेब्रुवारी 2019 रोजी गोरखपूरला जी योजना सुरू झाली, तिचे नाव ठेवले 'किसान सन्मान निधी'. वर्षाला 6000 रुपये, 2000 चे तीन हप्ते. 2023 साली महाराष्ट्राने 'नमो शेतकरी महासन्मान' म्हणून तेवढीच भर घातली. दोन्ही मिळून दिवसाला तेहतीस रुपयेही पडत नाहीत. पण त्यावरून नाक मुरडणारा मी नव्हे. बियाणे उधारीवर आणणाऱ्याला दोन हजारांची किंमत ठाऊक असते. माझे भांडण रकमेशी नाही. सन्मान कोणाचा, याच्याशी आहे.

तो शेतकऱ्याचा नाही, सातबाऱ्याचा आहे! 1 फेब्रुवारी 2019 रोजी ज्याच्या नावावर जमीन होती तो शेतकरी, मग त्याने औताला हात लावलेला असो वा नसो. (वारसाने नाव लागले तर तेवढी सवलत.) आयकर भरणारे, डॉक्टर, वकील वगळले आहेत, हे कबूल. पण ही चाळण मालकांसाठी. कसणारा चाळणीपर्यंत पोचतच नाही.

माण-खटावकडे येऊन पाहा. इथली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या माथाडी कामावर जगली. शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. जमीन मात्र गावीच राहिली, आणि तीत शाळू पेरतो भलताच कोणी, निम्म्या वाट्याने नाहीतर खंडाने. राबणे त्याचे, पाऊस हुकला तर रडणेही त्याचे. हप्ता जमा होतो मुंबईवाल्याच्या खात्यात. तो मुंबईवालाही काही सावकार नव्हे. त्याच्या ताटातला घास काढा असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या पाठीला ऊन लागते त्याला सरकारदरबारी नावच नाही, याला काय म्हणावे? आणि त्याच रानात भांगलणाऱ्या बाईचे तर विचारूच नका. नवरा-बायको आणि अज्ञान मुले मिळून कुटुंब एक, हप्ता एक, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा नवऱ्याचे.

'वाटेकऱ्याचे नाव कागदावर आणले तर तो कूळ होऊन बसेल,' असे मालक म्हणतात. ही भीती पोकळ नाही. 1948 च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने जमिनी गेलेली घरे अजून ती आठवण काढतात. पण त्या भीतीपोटी सगळा वाटा तोंडी ठरतो, आणि जो तोंडी ठरतो तो सरकारला दिसत नाही. मग हप्त्यापुरती नोंद करावी, तिने कुळाचा हक्क लागणार नाही असे कायद्यात स्वच्छ लिहावे. एवढे लिहायला विधिमंडळाला किती शाई लागणार आहे?

हे अशक्य म्हणणाऱ्यांनी बाहेर पाहावे. ओडिशाने 2019 च्या आरंभी 'कालिया' योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही धरले होते. आंध्रनेही त्याच वर्षी अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग व अल्पसंख्याक यांतल्या खंडकऱ्यांना रयतू भरोसा दिला. तिथेही गळती झाली असेल, पण निदान दार तरी उघडले.

आपल्याकडे तर 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. रानात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढावे लागते. ते काढणाऱ्याला 'हे पीक कोणी पेरले?' एवढे विचारणारा एक रकाना त्यात घालावा, आणि पुढचा हप्ता त्या रकान्याकडे बघून पाठवावा.