गेटचा उतार आणि गाडीचं पोट

घर रस्त्यापेक्षा उंच असलं की पावसाचं पाणी आत शिरत नाही. पण दारात गाडी आली की तीच उंची आडवी येते. भिलाईच्या कॅम्प-1 सारख्या दाट वस्तीत गल्ली अरुंद, तिच्या कडेला नाली आणि नालीला लागूनच गेट असेल, तर उतार करायला जागाच उरत नाही. मग तो खडा होतो आणि गाडी रोज खालून घासते.

घासतं कुठे?

उताराच्या पायथ्याशी पुढचा किंवा मागचा बंपर घासतो, तर वरच्या धारेवर गाडीचं पोट. पोटाखाली ऑइलची टाकी आणि सायलेन्सरचा पाइप असतो. इलेक्ट्रिक गाडीत तर बहुधा बॅटरीच असते. म्हणून आवाज कानाआड करू नका.

एक हिशोब पाहा. स्विफ्टसारख्या गाडीची जमिनीपासूनची उंची 163 मिलीमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2450 मिलीमीटर असतं. उतार पाच फुटांत एक फूट चढत असेल, तर वरची धार गाडीच्या मधोमध आल्यावर त्यातले सुमारे 120 मिलीमीटर खर्ची पडतात. उरतात जेमतेम चार सेंटिमीटर! चार माणसं बसली की तेही कमी होतात.

गाडी चढवताना

* माणसं आणि जड सामान आधी उतरवा.
* टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा ठेवा.
* गेट रुंद असेल तर गाडी थोडी तिरकी घ्या. एकेक चाक चढतं आणि बंपर वाचतो.
* वेग अगदी कमी ठेवा. ऐन टोकावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं.
* पहिल्यांदा कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा. गाडीच्या मागे-पुढे मात्र कुणी थांबू नये.

कायमचा उपाय

गल्लीत गाडी तिरकी घ्यायला जागा नसेल तर उतारच सुधारायला हवा. फूटभर उंचीसाठी आठ-दहा फूट लांबी चांगली. तेवढी जागा नसेल तर वरची धार गोलसर करून घ्या आणि उताराच्या दोन्ही टोकांना थोडा सौम्य तुकडा ठेवा. कोन एकदम न बदलता दोन टप्प्यांत बदलला की पोट सुटतं.

लांबी वाढवायची तर गेटच्या आत वाढवा. अंगणातली गाडीची जागाच थोडी खाली घेता येते. पाण्यासाठी गेटजवळ जाळी लावलेली आडवी नाली करा. आत उघडणारं गेट उताराला अडत असेल तर सरकतं बसवा.

रस्त्यावर सिमेंटचा उंचवटा मात्र नको. आपली गाडी सुखरूप आत येते, पण अंधारात आजोबांना ठेच लागते, सायकलवरची मुलं पडतात. नाली बुजली तर पहिल्याच पावसात पाणी शेजाऱ्यांच्या घरात जातं. नालीवर काढता येईल असं झाकण ठेवा, म्हणजे सफाई होते. लोखंडी पत्रा टाकायचा तर खरबरीत चेकर प्लेट घ्या आणि ती सरकणार नाही अशी पक्की बसवा. गुळगुळीत पत्र्यावर पावसात चाकं आणि पाय दोन्ही घसरतात.

गवंड्याला बोलावण्यापूर्वी टेपने उंची आणि लांबी मोजून कागदावर लिहा. काम नेमकं सांगता येईल आणि पुन्हा तोडफोड करावी लागणार नाही.